कळ

सायकल बोटीतून आली, अडीच महिन्यांनी.
खोक्यात तिच्याबरोबर मिओचे पावसाळी बूट,
भात शिजवायचं विजेचं भांडं,
आणि गोधडीत गुंडाळलेली बॅटरी,
वर लाल अक्षरांचा कागद,
आत कुणी तापट माणूस निजल्यासारखा.

पिन भिंतीत बसेना.
मी वायर सोलून भोकांत खोचणार,
काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट करणार,
एवढ्यात दैवशालाबाईंनी मनगट धरलं.
"आधी वाचा तरी, माय, काय लिव्हलंय त्याच्यावर."
वाचलं. शंभर व्होल्ट.
त्याखाली सहा अक्षरं, चित्रांसारखी:
फक्त जपानात वापरण्यासाठी.

यासीनभाईंचं दुकान मोंढ्याच्या मागं.
दारात बोअरच्या जळक्या मोटारी,
दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारख्या.
वार्निशचा वास, खताच्या कंपनीचं
मागच्या सालचं कॅलेंडर.
त्यांनी चार्जर तळहातावर तोलला, कानाशी हलवला.
"शंभरावर चालतंय? बस्स?
तिकडं करंट बी हळू बोलतो का काय?"
हो म्हटलं. हळूच बोलतात सगळे.
"अन् हे काय लिव्हलंय?"
सांगितलं.
"असू द्या. लिव्हणाऱ्यानं
सेलू कुठं बघितलंय."

मी परत का आले, हे गावात तिघांनी विचारलं.
सायकल एका चार्जिंगात किती जाते, हे तीसजणांनी.
मला दुसरा प्रश्न आवडायचा.
त्याला आकडा होता.

एका व्होल्टाला दोन वेढे, असा त्यांचा हिशेब.
तांब्याची तार बोटांतून सुटत गेली
आणि मिओ स्टुलावर बसून मोजू लागली,
इची, नी, सान,
यासीनभाई आपले त्यांच्या बोलीत, मनात,
आणि एकशेचाळीसच्या पुढं कुठंतरी
दोघांचाही आकडा हरवला.
त्यांनी तार उलटी सोडवली. सगळी.
रागावले नाहीत.
"पोरी, तू तुझ्यात मोज. मी गप बसतो."
मग पाचशेवीस वेढे जपानीत पडले,
सेलूत, मोंढ्याच्या मागं,
आणि चहावाल्या पोरालाही शेवटी
रोकु, नाना, हाची येऊ लागलं.

मधेच दोनदा त्यांनी तारेचा फाटा बाहेर काढला.
तिकडून येताना मला एकच आकडा ठाऊक होता,
पहाटे तोच, दुपारी तोच, बर्फातही तोच.
"इथं तसं नाही, बाई," ते म्हणाले.
"शेतीच्या लाइनीची पाळी आली, मोटारी उठल्या
की एकशेसत्तर. मोटारी झोपल्या की दोनशेसाठ.
मधल्या वेळात म्हणायचं दोनशेतीस,
तेवढं कागदावर."
डब्याला कळ बसवली,
नेलपॉलिशनं तीन खुणा केल्या. पोरीच्या लग्नातली
उरलेली बाटली, मोतिया रंगाची.
पैसे सांगितले ते तांब्याचेच.
"मजुरी?"
"ती पोरीनं मोजली ना."

आता मला कळीवरून वेळ कळते.
बल्ब पिवळा पडला की उठायचं,
एक खूण मागं.
कुणाच्या तरी उसात पाणी शिरलेलं असतं,
माझी सायकल तेवढी हळू भरते.
पहाटे उलटं, बल्ब डोळ्यांत खुपतो,
दोन खुणा पुढं, झटकन.
एकदा विसरले. फ्यूजचा कागदी वास आला,
यासीनभाईंनी दोन रुपयांची तार लावून दिली
आणि काही म्हणाले नाहीत.
ते न म्हणणं
मी दिवसभर घेऊन फिरले.

शाळेपर्यंत चढ तसा नाहीच.
तरी मिओ मागच्या सीटवरून म्हणते,
आई, बटण दाब, मोटर लाव,
आणि फाटकाशी थांबलेली ट्रॅक्टरवाली पोरं
आवाज नसलेल्या गाडीला
मान वळवून बघतात.

डबा मात्र घुमतो.
तिकडं चार्जिंगला आवाज नव्हता,
बारीक हिरवा दिवा, संपलं.
इथं खाटेच्या पायाशी रात्रभर मधमाश्या.
पहाटे भिंतीपलीकडून दैवशालाबाई,
उठायच्या आधीच, अंथरुणातून:
"माय, घुमायलंय का?"
"घुमायलंय."
मग त्यांच्या गिरणीचा पट्टा
दोनदा फडफडतो, आणि धरतो.