पोत्यांचा काटा

घरचा वजनकाटा एकशेवीसला अडकायचा,
म्हणून फॅक्टरीतल्या काट्यावर चढले,
काजूचं एक पोतं उतरल्यावर, दुसरं चढायच्या आधी,
बाया नळावर हात धुवायला गेल्या तेव्हा.
बस्त्याव पाठ करून उगाच सुतळी वळत बसला.
एकशे सव्वीस, वर थोडं.
त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

कुठून आलं ते मला ठाऊक होतं.
केतकीच्या ताटातून.
अर्धं घावन, कुस्करलेला भात,
बांगड्याचं डोकं, तिला डोळे बघवत नाहीत म्हणून.
उभ्याने, मोरीपाशी, एका हातात घासणी.
अन्न टाकू नये हे आईने शिकवलं,
कुठल्या पोटात टाकू नये
ते सांगायचं राहिलं.

आणि रात्री ती झोपली की फरसाणाची पुडी.
घरात दुसरं कुणी आवाज करणारं नव्हतं.
तिचा बाबा ट्रॉलरवर गेला
तो रत्नागिरीलाच राहिला, दुसऱ्या घरात.

शिरोड्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाऊण तास चाला.
मी म्हटलं, कधी?
त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, रोज.

मग स्कूटी खालच्या तिठ्यावर लावायची
आणि फॅक्टरीची घाटी चढायची, दर वळणावर थांबत,
जणू फोन आलाय.
संध्याकाळी केतकीची कबड्डी, किनाऱ्यावर.
बाकीच्या आया होडीच्या सावलीत बसायच्या,
मी खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन यायची.
वाळूत पाय रुततो, एका पावलाचे दोन होतात,
चोवीस होड्या मोजायच्या, परत येताना तेवीस भरायच्या.
कुठे चुकायचं, अजून कळलं नाही.

"शुगर झाली काय गे तुका?"
"कोणासाठी बारीक होतस?"
पहिल्याला उत्तर होतं.
दुसऱ्याला हसले, आणि त्या रात्री
पुडी पूर्ण संपवली.

आकडे कॅलेंडरवर लिहायची,
सिलिंडर लावल्याच्या तारखेशेजारी.
चतुर्थीला चार किलो परत आले, पाहुण्यांसारखे,
आणि पाहुण्यांसारखे जाईनात.
जानेवारीत केतकी अठरा दिवस तापली.
त्या महिन्याची पानं कोरी आहेत.
कपाळावरच्या पट्ट्या बदलताना
तिच्यासाठी केलेली पेज मीच प्यायले, दोन्ही वेळा.

काही जादू नाही झाली. तिचं उरलेलं
आता डब्यात झाकते, सकाळी शेजारच्या कोंबड्यांना.
कधी कधी झाकण लावता लावता
बोट फिरवतेच.

दोन वर्षं आणि वर एक मे महिना.
पोटाची कातडी सैल लोंबते.
केतकीने आंघोळीनंतर विचारलं, हे काय गे आये?
म्हटलं, रिकामं पोतं.
ती दोन बोटांत धरून बघत राहिली,
जसं बाजारात कापड बघतात.

परवा काटा चौऱ्याऐंशीवर थांबला.
या वेळी बस्त्यावने पाठ केली नव्हती.
"अर्ध्या पोत्याच्या वर उतारला," एवढंच म्हणाला,
आणि पुढचं पोतं ओढलं.

काल कॅम्पच्या उतारावर, स्कूटीवर,
तिचे हात माझ्या पोटाभोवती आले
आणि बोटं एकमेकांना लागली.
आधी ती कुर्त्याच्या दोन मुठी धरायची,
डावी एक, उजवी एक.
"पोचले गे!" ती कानात ओरडली.
मी फुगणार एवढ्यात
आरशात दिसली तिची बाही,
जूनमध्ये मनगटापर्यंत होती,
आता चार बोटं वर.

तर थोडी मी आटले असेन, थोडी ती लांबली.
कुणाचं किती, त्याला काटा नाही.
घरी जाऊन बाह्या बघायला हव्यात. शिवण उसवून
जेमतेम बोटभर निघेल.
लवू शिंप्याची सून म्हणते,
तुझ्या जुन्या एका ड्रेसात
तिचे दोन बसतील, आण.