दोन पापुद्र्यांमध्ये

ओह्रिडच्या तळ्याकाठी, ऑक्टोबर सरताना,
ब्लागुना खराट्याने पानं लोटते.
"ऑगस्टपासून झडतायत मेली."
कडू चेस्टनटची पानं ही, सात बोटांची,
आणि एकूणएक बोट करपलेलं.

करपलेलं नाही, खाल्लेलं.
वहीतलं एक पान काढून मी उन्हाकडे धरतो,
जुलैत तोडलेलं, दाबून वाळवलेलं:
वरच्या कातडीखाली चपटी अळी,
डोकं तेवढं तपकिरी, बाकी नुसता डाग.
छप्पर शाबूत, जमीन शाबूत,
मधलं घर तेवढं फस्त.

मे महिन्यात खोडावर बसतात ना, ते हेच.
तांदळाच्या दाण्याएवढे पतंग, तांबूस,
पंखांवर पांढऱ्या रेघा,
रेघांना काळी किनार,
डोक्यावर केसांचा केशरी झुबका.
भिंगाशिवाय ज्याचा पत्ता लागत नाही
त्याच्यावर एवढी मेहनत!

शिरेजवळ अंडं, मग अळी, मग कोश,
मग पुन्हा तेच, एका उन्हाळ्यात तीनदा.
शेवटची पिढी पानासकट खाली येते
आणि बर्फाखाली गप पडून राहते.

शास्त्राला हे भेटले ऐंशीच्या दशकात,
इथंच, या तळ्याजवळ. नाव मिळालं.
पण त्याच्या शंभर वर्षं आधी कुणीतरी ग्रीसमध्ये
फांदी तोडून कागदावर चिकटवली होती,
तिच्या पानांतही अळ्या निघाल्या,
बिननावाच्या, चपट्या होत्याच, आणखी चपट्या झालेल्या.

नाव मिळालं आणि हे निघाले.
स्वतःच्या पंखांवर फार नाही;
ट्रकच्या ताडपत्रीला, गाडीच्या काचेला चिकटून
व्हिएन्ना, पॅरिस, लंडन.
ब्लागुनाचा त्रायचेही त्याच रस्त्याने गेला,
ग्राझला फरशा बसवतो.
पहिल्याच वर्षी त्याने फोटो धाडला:
खोलीसमोरचं झाड, ऑगस्ट, विटकरी पानं.
"मी म्हटलं, बघ, गाववाले आधीच पोचलेत."
ती हसते. मग हसत नाही.

ढीग पेटतो. ओली पानं, धूरच जास्त.
"जाळलं की मेमध्ये कमी होतात," ती म्हणते,
"संपत नाहीत."
फोनकडे एकदा बघते, परत खिशात टाकते.

बितोलाच्या बसमध्ये मी पाय ताणतो
तर बुटाच्या तळाला एक ओलं पान,
मधोमध फुगीर, नखाएवढा फुगवटा.
खिडकी उघडत नाही.
पान मी सीटखाली सरकवतो
आणि तिकीट शोधू लागतो.