आउटचा रकाना

सिमरोळच्या पुढे, रस्ता घाटात वळायच्या जरा अलीकडे
वनखात्याची पत्र्याची चौकी.
टेबलावर रजिस्टर, सुतळीने बांधलेलं पेन.
नाव, गाव, किती जण,
आत किती वाजता, बाहेर किती वाजता.

चौकीदार डावर पानं उलटत मागे मागे जातो,
एका ओळीवर बोट ठेवतो:
'मैडम, पिछले साल का आउट नहीं भरा आपने.
हमारे हिसाब से तो आप दोनों अभी अंदर ही हो.'

माझंच अक्षर. शेजारी मंदाताईची सही,
प्रगतिपुस्तकावर करायची तशी, खाली रेघ ओढून.
जण : दोन. आत : आठ दहा.
पुढचा रकाना कोरा.

मी खाली आजची ओळ भरते. जण : एक.

ही वाट गोल आहे, साडेतीन किलोमीटर.
बाण उजवीकडे जा म्हणतो.
तेव्हा आम्ही डावीकडून गेलो होतो;
'बाण काय, देवळाची प्रदक्षिणा आहे का?' ताई म्हणाली होती.
आज मी बाणाचं ऐकते.
आत कुणी असेलच
तर समोरून भेटेल.

म्हणून आधी तळं येतं.
इथे आम्ही बोलत नव्हतो.
ती पाळीवर, मी खाकऱ्याच्या बुंध्याशी,
मधे शेव-परमलची पुडी, गाठ तशीच.
आज पाळीवर एक बगळा आहे
आणि तळ्यात कार्तिकातलं
कमरेइतकं उरलेलं पाणी.

नाना पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते.
सांगायचे, पठाराच्या या कडेला पाणी जरा घुटमळतं.
उत्तरेला कललं तर चंबळ, पुढे यमुना, पार गंगेपर्यंत;
दक्षिणेला सांडलं तर दोन तासांत नर्मदेचं.
पाऊस एकच. ढेकळाएवढा फरक.
आम्ही दोघी मान डोलवायचो,
त्यांच्या पेन्सिलीकडे बघत.

मग चढ, मग एकदम काही नाही :
दरी.
लोखंडी कठडा, एका जागी वाकलेला.
खाली पाण्याची बारीक पांढरी दोरी,
कधी दिसते, कधी नुसती ऐकू येते.
इथेच तो विषय निघाला, लोकमान्य नगरातल्या घराचा,
कोणाला किती, आणि मी म्हणाले,
'नानांना तू किती दिवस सांभाळलंस? मोजून सांग.'
दरीत शब्द फिरून येतात म्हणतात.
हे आले नाहीत.
थेट निमाडात उतरले.

तिने खरंच मोजले होते.
बोटांवर, ओठ न हलवता.
ते मी पाहिलं होतं, हे तिला माहीत नाही.

दरीनंतर साग.
पानं पापडासारखी मोडतात पायाखाली,
वर वानरांची घाईगर्दी.
आता मी त्या सकाळच्या सुरुवातीकडे चालले आहे
आणि इथे आम्ही अजून हसत होतो :
गुडघ्याला पट्टा बांधलेली ताई
वाकून माझ्या सलवारीतली कुसळं काढत होती,
'हलू नको गं, घोडी झालीस तरी हलतेसच.'
समोरून कोणी आलं नाही.
एक गुराखी गेला, मोबाइलवर भजन लावून.
कुसळं आजही लागली. राहू दिली.

चौकीत डावर चहा गाळत होता.
'मिलीं क्या?' त्याने विचारलं, अगदी सरळ चेहऱ्याने.
मी माझी वेळ भरली, दहा पन्नास.
मागचं पान त्याने उघडूनच ठेवलं होतं.
'डाल दूँ कुछ भी? साहब चेक करते हैं.'
'रहने दो,' म्हटलं, 'अभी रहने दो.'

रस्त्याकडेला एक बाई सीताफळं विकत होती,
टणक, डोळे अजून मिटलेले.
पिकायला दोन दिवस लागतील, म्हणाली.
पुण्याची बस रात्रीची असते.
मी बारा घेतली,
मग एक परत ठेवून
मोठं घेतलं.