हलली की दाबा

लाखांदूरला, एक्स-रेच्या जुन्या खोलीत
खिडकीवर धानाचं पोतं ठोकून मी अंधार केलाय.
पडद्यावर उभ्या पांढऱ्या रेघा;
मधूनच एखादी थरथरते, उंदराच्या मिशीएवढी.
नजर मधल्या ठिपक्यावर, काका. रेघ हलली की दाबा.

दुधराम शेंडे बटन धरतात
झेंडीच्या काठीसारखं.
बावीस वर्षं शंकरपटाचे पंच.
"डोरा दोरीवर," सांगतात, "आन् कोनती जोडी पयली
थे कानशिलाले समजे."

उजवीकडे टक. टक. लगेच टक.
डावीकडे मी रेघ हलवते.
परत हलवते.
जास्त हलवते.
खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

"तिकडच्या रेघा दिसतात ना, काका?"
"दिसतेत त. सप्पा दिसतेत.
उभ्याच हायेत."

मी काचबिंदू म्हणते, थेंब म्हणते,
भंडाऱ्याची तारीख कागदावर लिहून देते.
ऐकतात की नाही, कळत नाही.

दारात, एक चप्पल पायात, थांबतात.
"मंग संकरातीच्या पटात
कोडाप्याची जोडी डाव्या अंगानं आली होती न?"
मला काय माहीत.
"आली होती," तेच म्हणतात,
"थो पाया पडून सांगत होता."