वाफसा

रात्री दोनला काचेच्या खिडकीतून आत बघते:
टंगस्टनची तार पांढरीफेक, डोळ्यात सलणारी,
तिच्याखाली पाच मिलिमीटरवर,
नखाएवढ्या चकतीवर उभं आहे माझं रान.
कार्बनच्या नळ्यांचं रान.
केसाचे हजार उभे भाग करावेत, एवढी एकेक नळी,
आणि सगळ्या मिळून इतक्या काळ्या
की माझी कॉफीसुद्धा त्यांच्यापुढे फिकी.

साओ जोझे दोस कांपोस झोपलंय.
महामार्गावरून रिओकडे जाणारे ट्रक तेवढे जागे.

वाफेतून हिरा उगवतो, असं शेजारणीला सांगितलं
तर म्हणाली, मग भाड्याच्या घरात कशाला राहतेस, झुलेइदे?

कोळसा उगाळावा तितका काळा,
हे उगाळण्याचं झालं.
इथे शंभर भाग हायड्रोजन, दोन भाग मिथेन,
चिमूटभर बोरॉन.
तार त्यांची गाठोडी सोडते
आणि सुटा कार्बन खाली उतरतो, जागा धुंडाळत.
पण नुसती वाफ असून भागत नाही,
वाफसा लागतो.
गुळगुळीत नळीवर हिरा टिकत नाही,
घसरतो, काजळी होतो.
आणि हायड्रोजन, खुरपं घेऊन काजळीचं तण काढायला आलेला,
त्याला तण कळतं, पीक कळतं,
रान कळत नाही.
पहिल्या तीन वेळा त्यानं रानच खाल्लं.
झाकण उघडलं तर चकती
घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखी.

म्हणून आधी विरजण.
हिऱ्याचीच भुकटी, चार-पाच नॅनोमीटरचे कण,
पाण्यात ढवळून थेंबथेंब सोडले नळ्यांवर.
पाणी सुकताना नळ्यांनी डोकी जवळ आणली,
इथे दहा, तिथे वीस,
आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंबूंचं गाव दिसलं.
वाल्दिर म्हणाला, बिघडलं.
मी म्हटलं, राहू दे.
गारठ्यात माणसंही अशीच उभी राहतात.

आजोबा अनीझियो
जेकितिन्योन्याच्या पात्रात चाळीस वर्षं उभा होता,
गुडघाभर पाण्यात.
लाकडी बातेया गोल फिरवायचा,
हलकी रेती काठावरून बाहेर, जड खडे मध्यावर,
मग डोळे बारीक करून बघत राहायचा.
जन्मभरात सापडले सात.
सातही वेळा व्यापाऱ्यानं कंदिलापुढे धरून म्हटलं,
पिवळट आहे.
आम्ही नदी गढूळ केली, हे तो स्वतःच सांगायचा,
दारू न पिता.
त्याची बातेया आता आईकडे,
तीत ती कांदे ठेवते.

त्याला कसं सांगावं
की तासाला अर्धा मायक्रॉन, इतक्या सावकाश मी हिरा वाढवते,
आणि तो बोटात नाही, सांडपाण्यात घालायचा आहे?
जीन्स रंगवणाऱ्या कारखान्याच्या निळ्याशार पाण्यात
हा बुडवायचा, वीज सोडायची,
मग निळं तुटत जातं, असं म्हणतात.
अजून मी बादलीभरसुद्धा पाणी स्वच्छ केलेलं नाही.

तीन चाळीसला दिवे मिचकले.
तार पिवळी झाली, लाल झाली,
मग टक्क असा आवाज.
दहापैकी सात तास झाले होते.
असं एकाएकी गार झालं की थर सुटतो,
उन्हात सोललेल्या कातडीसारखा, रान मुळासकट घेऊन.
मी खुर्ची ओढून बसले. उघडलं नाही.
सकाळी सातपर्यंत उघडलं नाही.

थर नव्हताच.
प्रत्येक तंबूच्या शेंड्यावर एक मणी होता,
कोपरे असलेला, ओबडधोबड,
आणि मण्यामण्यांमध्ये मोकळी वाट,
पाणी जाईल एवढी.
चिकटपट्टी दाबून ओढली.
पट्टीवर काही आलं नाही.
पुन्हा ओढली.

वाल्दिर येईपर्यंत मी डबीवर लिहून ठेवलं:
नमुना एकतीस. वीज गेल्यानं अर्धवट.
टाकू नये.