नमद्यावरचं कुलूप

कोचकोरच्या बाजारात, पाववाल्याच्या भट्टीला लागून
माझी मोबाइल दुरुस्तीची टपरी.
फुटलेल्या काचा, फुगलेल्या बॅटऱ्या,
रशियाहून पैसे आले का ते म्हाताऱ्यांना बघून देणं,
एवढाच धंदा.

अनारकान-एजे आली ती काखेत चौकटीची वही घेऊन.
तिला क्यूआर कोड हवा होता.
"छापलेला नको. मोजता येईल असा दे."
एका बाजूला एकोणतीस घरं,
एकूण आठशे एक्केचाळीस.
काळी तेवढी मी पेन्सिलीने भरून दिली.
पानावर बोट फिरवत ती म्हणाली,
"म्हणजे एक हिवाळा."

मेंढ्या तिच्याच. काळी लोकर काळ्या मेंढीची,
पांढरी पांढरीची, रंगाचं नाव नाही.
गरम पाणी, साबण, बोरूच्या चटईत गुंडाळून
कोपरांनी लाटलेला नमदा,
मग सुरीने कापलेले चौकोन,
आणि चौकोनाला चौकोन जोडत गेलेली सुई.

मार्चमध्ये तिने तो माझ्या दारात पसरला.
लोकरच ती, सरळ कशी राहील!
कडा फुगलेल्या, एक कोपरा तिरपा.
फोन धरला, हलवला, दोन पावलं मागे सरलो.
वाचला.
"आणि कसर लागली तर?"
"तीसेक टक्के गेलं तरी वाचतं, एजे."
दात शिल्लक असलेल्या बाजूने ती हसली.

मग गोष्ट निघाली कुलपाची.
"सून येते, शेजारीण येते, डोंगर बघायला येणारे तर
आधी फोन रोखतात, मग सलाम करतात.
आतलं फक्त नुर्झातसाठी आहे."
म्हटलं, पासवर्ड लाव. नाव नको, वाढदिवस नको.
"वाढदिवस मला कुठला ठाऊक?
बर्फ होतं, एवढं आई सांगायची."

मी तोंड फिरवलं. आमच्या धंद्याची तेवढी रीत.
भट्टीचा धूर बघत उभा राहिलो.
पण कानांना पापण्या नसतात.
तिचं एकच बोट, काचेवर नखाचा आवाज:
तीन.
थांबली.
चार.

"कागदावर लिहून देऊ का, विसरलीस तर?"
"कुलूप आणि किल्ली
एकाच खिळ्याला टांगतोस का रे तू?"

तीन वर्षांनी नुर्झात आली, नोवोसिबिर्स्कहून,
चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकून.
नमद्याला कसर लागली होती, बोटभर, मधोमध.
तरी वाचला.
आणि मग ती पांढरी पट्टी: पासवर्ड.
तिने स्वतःचं नाव घातलं. बापाचं. घोडीचं.
कुरणाचं, जिथे उन्हाळ्यात तंबू लागायचा.
चूक. चूक. सगळं चूक.
"तूच लावलंस ना? मग तूच काढ."
"लावायला मदत केली, बाई.
काढण्याची सोय मी मुद्दाम ठेवली नाही."

ती नमद्याची घडी घालायला लागली.
घडी तिला नीट घालता येईना.

ऐकलेलं सांगणं ही चहाडी होते का?
पाहिलं नव्हतं मी. कुणी विचारलंही नव्हतं.
चहा गार झाला, वर साय धरली,
तेव्हा कुठे मी फळीवर नख वाजवलं.
तीन. थांबलो. चार.

"पुन्हा."
वाजवलं.
तिचे ओठ हलले, आवाज नाही.
मग ती अशी हसली, जसं लहानपणी कुणी
भर पाहुण्यांत घरातल्या नावाने हाक मारल्यावर
पोरं लाजून चिडतात.
तिने फोन उचलला.

मी तोंड फिरवलं.
फोनमधून खोकला ऐकू आला, ओळखीचा,
मग कुणी बोलायच्या आधी घेतं तसा लांब श्वास.
पुढचा शब्द यायच्या आत
मी दाराबाहेर होतो.

भट्टीवर नको असताना दोन पाव घेतले.
"गिऱ्हाईक आत आणि तू बाहेर?" पाववाला म्हणाला.
"असू दे," म्हटलं,
"पाव निवेपर्यंत
दुकान तिचं आहे."