नुसती ऐकते

पांढरकवड्याच्या भंगारातून साडेचारशेला आणली तबकडी.
जिनिंगच्या हापिसात इंटरनेट खेचायची म्हणे.
पाठीवर अजून पुसट अक्षरं: हात लावू नये.

सोमेश्वरनं लावला.
वर धाडायचं यंत्र काढून टाकलं घमेल्यात,
खाली झेलायचं तेवढं बसवलं,
सायकलच्या ट्यूबनं आवळून.

तो स्लॅबवर, सुगंधा टीव्हीपुढं,
मी मधे दारात, हाका पोचवत.
"आलं काय?"
"शून्य!"
"आता?"
"बारा… गेलं!"

"हे तं तुरीकडंच पाहून राह्यली," मी म्हटलं.
"दिसते खाली पाहताना, वयनी.
ऐकते वरचं."

बोरीच्या शेंड्यावरून बोटभर डावीकडं.
छप्पन. साठ.
आणि पडद्यावर कबड्डी,
फुकटात, मैदानाच्या धुळीसकट.

मामंजी खाटेवर.
तोंड वाकडं झालं त्या पोळ्यापासून
शब्द नाही, मान तुरीकडं.
सुगंधानं आवाज वाढवला.
गड्यानं रेष गाठली, अन्
चादरीखाली त्यांचा अंगठा
हलला. दोनदा.

घमेलं उचलून सोमेश्वर भंगारकडं निघाला.
म्हटलं, ते वर धाडायचं
राहू दे घरी.